भिंतीपासून दोन फूट

घरातल्या स्पीकरचा आवाज सुधारायचा असेल तर पहिली वस्तू हाती घ्यावी ती मोजपट्टी. स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न नंतर, आणि नवा अ‍ॅम्प्लिफायर तर अगदी शेवटी. दीडशे हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली घरगुती स्पीकर समोर जितका आवाज टाकतो, जवळजवळ तितकाच मागेही टाकतो. तो मागच्या भिंतीवरून परततो आणि समोरच्या आवाजात मिसळतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे आपल्या हवेत अडीच मीटर लांबीच्या लहरीचा. स्पीकरचा दर्शनी भाग भिंतीपासून या लांबीच्या पाव हिश्शावर, साधारण दोन फुटांवर, असला की परतणारी लहर नेमकी उलटी होऊन येते आणि षड्जच खाऊन टाकते. पंचम भरीव लागतो, षड्ज पोकळ. ऐकणारा दोष देतो स्पीकरला. टेबलावर ठेवलेला स्पीकर सहजपणे याच अंतरावर येतो, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

यावर कुणी म्हणेल, इक्वलायझरवर तेवढी पट्टी वर ढकलली की झालं. नाही होत. थेट लहर वाढवली की परतणारीही त्याच प्रमाणात वाढते, वजाबाकी तशीच राहते. फुकट तापतो तो अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकर सरकवल्यानेही आवाजातला हा खड्डा नाहीसा होत नाही, पण जागा बदलतो. स्पीकर भिंतीपासून एक मीटरवर घेतला तर तो ८७ हर्ट्झच्या आसपास उतरतो, म्हणजे या गायकाच्या बहुतेक स्वरांच्या खाली. मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तिन्ही अंतरं वेगवेगळी ठेवली की तीन खड्डे एकाच स्वरावर साचत नाहीत. अमेरिकी पुस्तकांतले सल्ले इथे जपून वापरावेत. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या, जिप्समच्या भिंती थोड्या थरथरतात आणि बास पचवतात. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ तसाच परत पाठवतात.

वरच्या स्वरांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावरचा इलाज घरातच असतो. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन यांच्याकडे एका व्याख्यानगृहाचं दुखणं आलं. तिथे बोललेला शब्द पाच सेकंदांहून अधिक काळ घुमत राही. त्यांनी शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या आणि प्रत्येक भर घातल्यावर घुमणं किती घटतं ते मोजलं. वास्तुध्वनिशास्त्र उभं राहिलं ते या गाद्यांवर. त्यामुळे गोधडीला कमी लेखू नये. फरशी, गिलावा आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत जाड गोधडी भिंतीला चिकटवून न टांगता चार बोटं पुढे टांगावी. मागच्या पोकळीमुळे तीच गोधडी आणखी खालचे स्वर शोषू लागते. जागा आरशाने शोधावी: बसल्या जागेवरून बाजूच्या भिंतीवर धरलेल्या आरशात जिथे ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरच्या स्वरांचा छोटा भाग, दिसतो, तिथे. मात्र पन्नास-साठ हर्ट्झचा घुमारा गोधडीने जात नाही. त्यासाठी खुर्ची भिंतीपासून सोडवावी, कारण भिंतीलगत तो सर्वांत जास्त साचतो.

महागड्या वायरींचं मला कौतुक नाही. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पाच मीटर ओढली, तर जाऊन-येऊन रोध ०.०८ ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे आवाजात पडणारा फरक एक दशांश डेसिबलहूनही कमी. पण वायर लाखमोलाची असली तरी एका स्पीकरची अधिक-उणे टोकं उलटी जोडली गेली की दोन्हींचा बास एकमेकांना मारतो. ती तपासणी फुकट आहे आणि आधी करावी.

सर्वांत गंभीर आक्षेप असा की हे सगळे मनाचे खेळ आहेत. तो मी गांभीर्याने घेतो, कारण आवाज किंचित मोठा झाला तरी कानाला तो चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोन्ही वेळा आवाजाची पातळी मोबाइलवरच्या मापकाने सारखी करावी, बदल दुसऱ्याला करायला सांगावा, आणि आपण पडद्याआड बसून एकच ध्वनिमुद्रण ऐकावं: तानपुऱ्यासह गायलेला संथ आलाप, ज्यात प्रत्येक स्वर तपासण्याइतका वेळ थांबतो.