परसातला द्राक्षाचा वेल

नाशिकहून आणलेली द्राक्षाची दोन कलमे घेऊन मी नंदाखालला उतरलो, तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "लाव बाळा, पण केळीच्या जागेवर नको."

नाताळात घरोघर वाइन घालायची आमच्याकडे रीत. काळी द्राक्षे, साखर, यीस्ट आणि चिनी मातीची बरणी, एवढ्यावर आजीची वाइन होई. द्राक्षे मात्र बाजारची. ती परसातली असली तर काय बहार! पण चांगले ऊन पडे ते विहिरीजवळ, आणि तिथे आजीच्या राजेळी केळी. आजी माहेरी गेली होती तेवढ्यात मी त्या काढून टाकल्या. परतल्यावर ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते!

वेल वाढला, मांडव पानांनी भरला. घड मात्र एक नाही. श्रावणात पानांवर तेलकट डाग पडले, खालून पांढरी बुरशी धरली आणि भाद्रपदात मांडव उघडा पडला.

नाशिकच्या एका बागाइतदारापुढे मी गाऱ्हाणे मांडले. ते हसले. "अहो, तो केवडा रोग. आणि तुमच्या वेलाला झोप तरी कुठे मिळते?"

थंड देशांत हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपी जातो. आपल्याकडे ती झोप नाही. म्हणून कात्रीच त्याचे ऋतू ठरवते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात फळछाटणी. फ्रान्समध्ये द्राक्षे सप्टेंबरच्या सुमारास तोडतात. नाशिकला जानेवारी ते मार्च, कोरड्या हवेत. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, पुष्कळसा पाऊस सह्याद्रीने अलीकडेच अडवलेला. हिवाळ्यातल्या दिवसाच्या उन्हाने फळात साखर भरते, रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही हवे. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला आणि १९९९ साली राजीव सामंत यांनी नाशिकला वाइनचा उद्योग उभारला, तो घाटावर, समुद्रकाठी नव्हे. आमच्या दमट हवेत, चार दिवसांच्या थंडीत बिचाऱ्या वेलाने करावे तरी काय?

मी मुकाट्याने मांडव मोडला. दुसऱ्या दिवशी पाहतो तो आजीने शेजारून राजेळीचा मुनवा आणून ठेवलेला. "खड्डा खोल घे," ती म्हणाली. आमच्यात त्या विषयावर झालेले बोलणे एवढेच.

वर्ष उलटले. लोंगर उतरला तेव्हा आजी नव्हती. पिकलेली केळी सोलून मी उन्हात वाळवली, सुकेळी करून केळीच्याच वाळक्या पानांत बांधली. पहिल्या खेपेला थोडी करपट झाली.

मिस्साचा द्राक्षारस द्राक्षाचाच हवा, असा चर्चचा नियम. म्हणजे नंदाखालच्या वेदीलाही परक्या मातीचे फळ लागतेच. त्यात कमीपणा कसला? नाताळात आता आजीच्या बरणीत घाटावरची द्राक्षे पडतात. आणि नाशिकच्या त्या बागाइतदारांकडे दरवर्षी सुकेळीचा पुडा जातो, आजीच्या जागेवरच्या केळीचा.