काहिलीतला फेस

काहिलीत रस सोडला आणि चुलवणात चिपाड सारलं की जो पहिला फेस येतो, तो उकळीचा नसतोच. रस ऐंशी-पंच्याऐंशी अंशांकडे गेला की त्यातली प्रथिनं गोठतात. उसाच्या कांडीवरचं मेण, माती, बारीक चोथा यांना ती सोबत घेतात आणि हिरवट-काळी मळी वर तरंगू लागते. रानभेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं, ते याच वेळी घालायचं. त्या बुळबुळीत पाण्यात मळी अडकते. मळी निघायच्या आत जाळ भडकला आणि रस उसळला, तर ती फुटून पुन्हा रसात मिसळते. मग कितीही झारे फिरवा, गूळ काळाच. म्हणून तोवर चुलीवरच्या गड्याला मी हात आखडताच ठेवायला सांगतो. गुळव्याचं निम्मं काम जाळ धरून ठेवण्याचं असतं.

मळी निघाली की जाळ मोकळा सोडायचा. रस खदखदतो, पांढरा फेस काहिलीच्या काठाशी येऊन टेकतो. थोडं शेंगतेल शिंपडलं की तो खाली बसतो, कारण तेल बुडबुड्यांच्या पातळ पापुद्र्यांत शिरतं आणि ते फुटतात. पाणी आटत जातं तशी साखर दाट होते, उकळीचं तापमान चढतं. एकशे पाचच्या आसपास काकवी. इथून पुढं फेस पिवळा आणि जड होतो, खदखदीची रटरट होते. बुडबुडे आधी बारीक आणि दाटीनं येतात, नंतर मोठे, जाड सालीचे, सावकाश फुगून फुटणारे. पाहणाऱ्यांची गर्दी गूळ ओतताना होते, पण मला विचाराल तर खरा पाहण्याचा काळ हा.

माझ्याकडं थर्मामीटर आहे आणि मी तो वापरतो. गूळ साधारण एकशे अठराला उतरतो हे खरं आहे. पण तो आकडा ऊस कसा होता हे सांगत नाही. तोडून दोन दिवस पडलेल्या उसातली साखर फुटू लागलेली असते. असा रस चिकट उकळतो, बुडबुडा ताणला जातो, लवकर फुटत नाही. त्या आदणाला तापमान थोडं वर न्यावं लागतं आणि तरीही रवा मऊच राहतो, पावसाळ्यात पाझरतो. हे सगळं मला फेस आधी सांगतो, आकडा नंतर. खात्रीसाठी पाक गार पाण्यात टाकून गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर आपटायची. टण्ण वाजली की काहील उचला, वाफ्यात ओता.

फेसाची ही भाषा एका पावडरीनं बिघडवली. हायड्रॉस घातली की रस डोळ्यांदेखत उजळतो. शिळा ऊस, खताचा मारा झालेला ऊस, मळी नीट न काढलेला रस, सगळ्यांना एकच सोनेरी रंग. गुळात गंधकाचा अंश उरतो आणि साठवणीत तो रंगही टिकत नाही. तरी लोक ती घालतात, कारण सौद्यात रंगाला भाव आहे. शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेनं कोल्हापूरच्या गुळाचं नाव दूरवर नेलं, 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव चवीचं आणि कणीचं आहे. गिऱ्हाइकानं ढेप फोडावी, कणी बघावी, तुकडा जिभेवर ठेवावा. पिवळेपणावरून गूळ निवडू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

माझ्या आदणात रानभेंडी, चुन्याची निवळी आणि ते थोडं शेंगतेल, इतकंच जातं. गूळ तांबूस उतरतो आणि काही व्यापारी त्याला कमी धरतात. को 92005 सारखा ऊस नीट पिकून ताजा आला तर रंग आपणहून उघडतो, म्हणून हंगामाआधी मी फडांतून फिरतो. शेवटचं पाणी कधी तोडलं, युरिया किती टाकला, तोडणी झाल्यावर मोळ्या किती तासांत चरकावर येणार, हे शेतकऱ्याला बांधावरच विचारून घेतो. उत्तरं पटली नाहीत तर तो ऊस मी घेत नाही.