कृष्णाबाईची वाई

वाईच्या घाटावर आलेला माणूस ढोल्या गणपतीपुढे हात जोडतो आणि एकाच पाषाणातली ती भव्य मूर्ती बघत राहतो. दर्शन झाल्यावर मात्र देवळाला वळसा घालून मागची भिंत जरूर पाहावी. माशासारखी निमुळती आहे ती. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधलं ते पूर येणार हे धरूनच.

रास्ते म्हणजे पेशव्यांचे सोयरे. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. वाईला दक्षिण काशी म्हणतात, त्यात या घराण्याच्या दानधर्माचा वाटा मोठा.

वाईकरांची खरी माया नदीवर. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा इथं घरातल्या वडीलधारीसारखी कृष्णाबाई होते. थंडी सरता सरता तिचा उत्सव लागतो. भीमकुंड, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी, अशी एकेका घाटाची पाळी. मांडव पडतो, देवी येऊन बसते, बायका ओट्या भरतात, कीर्तन रंगतं, पंगती उठतात. एका आळीचं आवरतं तोच दुसरीची लगबग सुरू. १६५९ मध्ये अफजलखान वाईला तळ देऊन होता, तेव्हा शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव आला, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला.

नदीच्या वरच्या अंगाला मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे देखणा घाट आणि घाटावर महादेवाच्या देवळाशेजारी एक अजस्र घंटा. जवळ जाऊन पाहावं, तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल! चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथली ही लूट. ती आकृती कुणी खरवडून काढली नाही, हे फार मोलाचं वाटतं.

विद्येच्या बाबतीतही वाईनं असंच मोकळं मन दाखवलं. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्रं शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर गांधीजींच्या बाजूनं शास्त्राधार घेऊन उभे राहिले. पुढे ते मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. अणुविज्ञानापासून संगीतापर्यंतच्या नोंदींचं संपादन याच कृष्णाकाठी होऊ लागलं.