लाभांशाला मुहूर्त कुठला?

शिलकीत पडलेला पैसा लाभांश देणाऱ्या शेअरमध्ये नेमका कधी घालायचा, याचं उत्तर मी आता बाजाराकडे बघून काढत नाही, पैशाकडे बघून काढतो. आजारपण, शिक्षण, घराची दुरुस्ती हे सगळं बाजूला काढून ज्या रकमेला पुढची पाच-सात वर्षं दुसरं काम नाही, ती तशी ठरली की घालायला सुरुवात करायची. हे फार साधं वाटतं, कारण मोहात पाडणारी उत्तरं दुसरीच असतात. त्यातलं पहिलं रेकॉर्ड डेटचं, म्हणजे ज्या दिवशी शेअर नावावर असेल त्याला लाभांश मिळतो त्या तारखेचं. जून ते ऑगस्टमध्ये कंपन्यांच्या लाभांशाच्या तारखा रांगेने लागतात आणि आदल्या दिवशी शेअर घेतला की लाभांश पदरात, असा हिशेब मांडला जातो. २७ जानेवारी २०२३पासून सगळ्याच शेअरचे व्यवहार पुढच्याच कामाच्या दिवशी पुरे होतात, त्यामुळे एक दिवस आधी घेतला तरी चालतो हे खरं. पण २०० रुपयांच्या शेअरवर १० रुपये लाभांश असेल, तर त्या तारखेला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो. १ एप्रिल २०२०पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. म्हणजे ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे उपकरासह ३ रुपये १२ पैसे जातात आणि हाती ६ रुपये ८८ पैसे उरतात. आपलेच १० रुपये कर भरून परत घ्यायचे, एवढाच त्या घाईचा अर्थ. घाई करायचीच तर ती तारीख उलटल्यावर करावी.

दुसरं उत्तर म्हणजे पडझडीची वाट बघणं. त्यामागचा तर्क मला मान्य आहे: १० रुपये देणारा शेअर २००ला घेतला तर ५ टक्के सुटतात, १६०ला घेतला तर सव्वासहा. पण भाव जेव्हा खरोखर कोसळतो, तेव्हा ते १० रुपयेही जाग्यावर राहतीलच असं नाही. २०२०च्या मार्चमध्ये निफ्टी साडेसात हजारांपर्यंत घसरला. वाट बघणाऱ्यांनी ज्याची वाट पाहिली, तो हाच क्षण. त्यानंतर एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सरत्या वर्षाच्या नफ्यातून लाभांश द्यायला मनाई केली. स्वस्ताई आणि खात्री एकाच दिवशी दारात येत नाहीत. शिवाय वाट बघणाऱ्याला दोनदा बरोबर ठरावं लागतं, थांबताना आणि घेताना. व्हॅनगार्ड या गुंतवणूक कंपनीने २०१२मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया इथल्या बाजारांचा जो अभ्यास केला, त्यात एकरकमी गुंतवणूक ही हप्त्याहप्त्याने केलेल्या गुंतवणुकीला सुमारे दोन-तृतीयांश वेळा सरस ठरली. आपला बाजार वेगळा, हे धरूनही कारण तेच राहतं: भाव पडण्यापेक्षा वाढण्याचे काळ जास्त असतात.

‘मग आज सर्वांत जास्त टक्के देणारा शेअर उचलू का?’ हा प्रश्न ओघाने येतोच. वेदांतने २०२२-२३मध्ये शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे लाभांश दिला आणि पुढच्याच वर्षी २९ रुपये ५० पैसे. आधीचा आकडा पाहून उत्पन्न मांडणाऱ्याचं अंदाजपत्रक तिथेच कोसळलं असतं. टक्केवारी ही गेल्या वर्षाच्या लाभांशाला आजच्या भावाने भागून येते, पुढच्या वर्षाबद्दल ती काही बोलत नाही. आणखी एक आक्षेप अधिक वजनदार आहे: बँकेची मुदत ठेव बहुतेक शेअरच्या लाभांशापेक्षा जास्त व्याज देते, मग घाई कसली? हा आक्षेप मला पटतो, पण तो ‘कधी’चा नाही, ‘का’चा आहे. ठेवीचं व्याज मुदतभर तेवढंच राहतं. ज्या कंपनीचा लाभांश नफ्याबरोबर वाढेल असं वाटत नाही, तिच्यापेक्षा ठेव बरी, आणि तिचा शेअर कुठल्याच महिन्यात घेऊ नये.

व्हॅनगार्डच्या अभ्यासातलं दोन-तृतीयांश म्हणजे एक-तृतीयांश वेळा उलटंही होतं, आणि आयुष्यभराची पुंजी एका दिवशी घालून दुसऱ्या आठवड्यात बाजार पडला तर पुढे हात आखडतो. म्हणून मोठ्या रकमेचे मी तीन भाग करतो, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने. अभ्यासाच्या दृष्टीने ही थोडी तोट्याची सवय आहे, झोपेसाठी मोजलेली किंमत म्हणा. तारखा मात्र आधीच वहीत लिहिलेल्या असतात आणि त्या दिवशी निर्देशांक कुठे आहे ते बघायचं नसतं. मधल्या काळात खात्यात आलेला लाभांश पुढच्या हप्त्यात जातो.