आपापली आवड

एकत्र कुटुंबांत चहा कसा असावा, हें कोणी ठरवीत नाहीं. तें आधींच ठरलेलें असतें. एका मोठ्या पातेल्यांत सर्वांचें दूध, साखर व आलें पडतें, आणि जो तो आपला पेला उचलून कामास लागतो. या व्यवस्थेंत सोय आहे आणि मायाहि आहे. परंतु आपणांस स्वतःस काय रुचतें, हा प्रश्न तींत सहसा उद्भवतच नाहीं. आम्हांस तो पन्नाशी उलटल्यावर पडला, आणि तोहि ऊलाँग नांवाच्या चहामुळें.

हिरव्या चहाचीं पानें खुडल्यावर लवकरच आंच देऊन त्यांचा रंग राखतात. आपल्या नेहमींच्या चहाचीं पानें पुरतीं काळवंडूं देतात. ऊलाँग या दोहोंच्या मधला. पानें कोमेजवून व हलवून त्यांच्या कडा दुखावल्या म्हणजे त्या हवेनें तांबूस होऊं लागतात. ही क्रिया हव्या त्या टप्प्यावर आंच देऊन थांबवितात. ती कोठें थांबवावी व मागाहून पानें किती भाजावीं, यावर चवीचा मोठा भेद अवलंबून असतो.

आमचा पुतण्या चीन व तैवान येथून परततांना अशा चार पुड्या घेऊन आला. फुजियान प्रांतांतील आन्शी येथील हिरवट ‘त्येग्वानयिन’, त्याच प्रांतांतील वुयी डोंगरांतला भाजलेला ‘खडक-चहा’, तैवानचा ‘डाँगडिंग’ व तेथीलच ‘ओरिएंटल ब्यूटी’. पहिल्याच्या नांवांतील ग्वानयिन देवता म्हणजे आपल्या औरंगाबादच्या लेण्यांत कोरलेल्या अवलोकितेश्वराचेंच चिनी रूप. चौथ्याचीं कोवळीं पानें तुडतुडे शोषतात, आणि त्या पीडेंतूनच त्यास मधासारखा सुगंध येतो.

आम्हीं चारहि चहा एकाच मापानें केले: तीन ग्रॅम पानें, दीडशे मिलीलीटर कढत पाणी, तीन मिनिटें, दूध-साखर मुळींच नाहीं. पुतण्यानें त्येग्वानयिनची थोरवी गायिली व वडील बंधूंनीं मान डोलाविली. आम्हांस मात्र त्यांत फुलांचा वासच अधिक वाटला. उलट खडक-चहाचा भाजका, किंचित् कडसर घोट गिळल्यावर मागें जी गोडी राहिली, ती सोडवेना.

वहिनींस विचारलें, तर त्या म्हणाल्या, “भावोजी, सगळ्यांना चालेल तो करा.” चाळीस वर्षें घरास चहा पाजणाऱ्या त्या माउलीचें हें उत्तर ऐकून आम्ही अंमळ थबकलों व पुनः विचारलें. तेव्हां त्यांनीं चारहि पेले सावकाश चाखले, आणि चौथा जवळ ओढून म्हटलें, “मला हा.” आतां दुपारीं चार वाजतां दोन लहान किटल्या निघतात, त्यांतील एक वहिनींची.

ज्यांस हा चहा नवा आहे, त्यांनीं किंमत व कीर्ति यांवर न जातां दोन निराळ्या जाती शेजारीं ठेवून प्याव्या. एकट्या पेल्यास ‘बरा आहे’ एवढेंच उत्तर मिळतें. निवड करावी लागली म्हणजे जीभ बोलूं लागते. तसेंच पहिल्या घोटावर निकाल देऊं नये. गोळीसारखीं वळलेलीं पानें दुसऱ्या पाण्यांतच पुरतीं उलगडतात, आणि कित्येकदां मनास पटणारी चव तिसऱ्या पाण्यांत सांपडते.