कोण कुठे उभा आहे?

सातारा

चि. ओंकार,


तुझी यादी मिळाली. दहापैकी गुण देऊन सगळ्या युद्धपटांना तू ओळीने उभं केलंयस. 'धुरंधर'ला साडेनऊ, 'उरी'ला नऊ, 'फायटर'ला आठ आणि '१९१७'ला? चार! शेरा काय, तर 'दोन पोरं नुसती चालत राहतात.' रात्री अकराला हे वाचलं आणि तुझ्या मामीला उठवून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "झोपा आता, पोरगं आहे ते." पण झोप कुठली लागतेय! फोन केला असता, पण फोनवर तू 'हो मामा, हो मामा' करतोस आणि मागे मॅच चालू असते. म्हणून पत्र.

मी समीक्षक नाही हे तुलाही ठाऊक आहे. नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, डंपी लेव्हलला डोळा लावून. तेव्हा माझं मत हौशी माणसाचं, आणि तुझंही तसंच, गुण कितीही दिलेस तरी. पण मारामारीचा कुठलाही सिनेमा लागला की मी त्याला एक प्रश्न विचारतो: कोण कुठे उभा आहे? शत्रू कुठून येतोय, आडोसा किती लांब आहे, मागे फिरायला वाट आहे का? हे कळलं तर माणूस का मेला तेही कळतं. नाही कळलं तर उरतो तो नुसता धूर आणि ढोल.

आता तुझ्या त्या 'नुसतं चालण्या'बद्दल. सॅम मेंडिसने तो सिनेमा सलग एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा दाखवला आहे. जोड आहेत, पण लपवलेले. मध्येच तोडून दुसरीकडे उडी मारायची सोयच नाही, म्हणून त्या मंडळींनी आधी मोकळ्या रानात निशाणं रोवून तालमी केल्या. नट संवाद म्हणत चालले, आणि संवाद संपेपर्यंत जेवढं अंतर पडलं त्या हिशेबाने खंदक खोदले. ओंकार, खंदकाची लांबी बोलण्यावरून! मी चर खोदून घेण्यात जन्म घालवलाय, मला विचार ही काय चीज आहे. आणि ते घोडे आठव. खंदकातून वर चढण्याआधी त्या दोघांना वाट सांगतात ती कशी? मेलेल्या घोड्यांच्या रोखाने सरळ जा, त्यांच्या मागेच काटेरी तारेत फट आहे. पुढे ते घोडे दिसतात तेव्हा आपल्याला किळस येते आणि हायसंही वाटतं, कारण वाट बरोबर आहे. अशी जागा दुसऱ्या कुठल्या सिनेमात असेल तर कळव.

'फायटर'चं काय सांगू? विमानं इतकी जवळ येतात की वैमानिक एकमेकांना डायलॉग मारतात. मी पॉपकॉर्न संपवला आणि घरी आलो. त्याच्याशेजारी २०२२ चा 'टॉप गन: मॅव्हरिक' ठेव. गोष्ट साधीच, थोडी पोरकटही, आणि शत्रू कुठल्या देशाचा हे सांगायचीही त्यांची छाती नाही. पण हल्ल्याची वाट ते आधीच पाठ करून घेतात: क्षेपणास्त्रांच्या रडारखालून दरीत शिरायचं, डोंगरावरून उलटं होऊन खाली यायचं, मारा करायचा आणि लगेच उभी चढाई, सगळं अडीच मिनिटांत. सराव दाखवतात, सराव फसलेला दाखवतात. खरा हल्ला सुरू होतो तेव्हा पुढचं वळण आपल्याला माहीत असतं, म्हणून तर पोटात गोळा येतो.

'धुरंधर' मीही पाहिला, साडेतीन तास, कंबर धरून. रणवीर सिंग बरा, अक्षय खन्ना त्याहून बरा. पण ल्यारीतली कुठली गल्ली कुठे निघते हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. तू म्हणशील, मामा, नकाशा बघायला कोण जातं? माझं म्हणणं असं, की नकाशा नसला की तुझ्यासारख्या शहाण्या मुलालाही काहीही खपवता येतं. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या वाहिन्यांनी एका रात्रीत कराचीचं बंदर उडवलं होतं, आठवतं? ती क्लिप मला कोणी पाठवली होती, सांगू? सकाळी बंदर जागच्या जागी होतं. मागे सायरन वाजत होता, पडद्यावर लाल बाण फिरत होते आणि कोण कुठे आहे हे कोणी विचारत नव्हतं.

अण्णांनी विचारलं असतं. पासष्टच्या युद्धाबद्दल त्यांनी आपल्याला कधी अवाक्षर सांगितलं नाही, ते सोड. पण १९९७ ला 'बॉर्डर' बघायला सगळे गेलो होतो. तू तेव्हा नव्हतास, ताईला विचार. थिएटरात शिट्ट्या, आरडाओरडा, आणि मध्यंतरात अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "हे पाणी कुठून आणतायत रे?" एवढंच. बाकीचा सिनेमा मी त्या प्रश्नासकट पाहिला. आणि खरं सांगतो, आरडाओरडा वजा केला तर जे. पी. दत्तांनी लोंगेवालाची मुख्य गाठ नीट दाखवली आहे: जैसलमेरच्या हंटर विमानांना रात्री उडता येत नाही, तेव्हा सकाळ होईपर्यंत तग धरायचा. सगळी लढाई सूर्योदयावर टांगलेली. शिवाय खऱ्या लोंगेवालात पाकिस्तानी रणगाडे साधी काटेरी तार बघून पुढे सुरुंग असतील म्हणून थबकले होते. एका तारेने रात्रीतला मौल्यवान वेळ मिळवून दिला!

आणि घोडखिंड? आपण पन्हाळ्याहून चालत गेलो तेव्हा मसाई पठारावर धुक्यात तू मला 'मामा, अजून किती?' विचारून भंडावलं होतंस. पांढरेपाण्याच्या पुढे खिंडीत उतरलो आणि तू गप्प झालास. म्हणालास, 'एवढीशीच?' अरे, एवढीशी होती म्हणूनच तर जमलं. जुलै १६६० चा पाऊस, मागे सिद्दीची फौज, आणि ती कितीही मोठी असली तरी एका वेळी पुढे येणार किती, ते खिंड ठरवणार. बाजीप्रभूंचं शौर्य जागेने कमी होत नाही, उलट जागा नेमकी निवडण्यातच निम्मं शौर्य आहे. तेव्हा तुला हे कळलं होतं. मग सिनेमाच्या खुर्चीत बसलं की कुठे जातं?

'१२० बहादुर'ला सहा दिलेस, 'बर्फ फार' म्हणून. रेझांग ला सोळा हजार फुटांवर आहे, तिथे काय द्राक्षाचे मळे असणार? १८ नोव्हेंबर १९६२, तेरा कुमाऊँची चार्ली कंपनी, मेजर शैतान सिंग. त्यांच्याकडे माणसं कमी, थंडीचे कपडे धड नाहीत, हे सगळेच सांगतात. पण मधे उंचवटा आला होता, त्यामुळे आपल्या तोफांना तिथे मारा करून मदत करता येत नव्हती, हे ऐकलंयस? तोफखाना होता, पण मधे डोंगर होता. लेव्हल लावणाऱ्या माणसाला हे वाक्य ऐकून बसायला खुर्ची लागते. शंभराहून जास्त माणसं तिथे गेली. हिवाळा सरल्यावर शोध लागला तेव्हा काही जणांच्या हातात अजून बंदुका होत्या. तो सिनेमा परत बघ, गुण देऊ नकोस, फक्त तो उंचवटा दिसतो का ते बघ आणि मला कळव. 'हकीकत'ही बघ. १९६४ चा, कृष्णधवल, तुझ्या भाषेत 'स्लो'.

हे सगळं सिनेमाबद्दलच असतं तर दोन पानांत आवरलं असतं. पण यादीखाली तू बारीक अक्षरात लिहिलंयस, 'ता. क. सीडीएसचा फॉर्म भरलाय, आईला सांगू नकोस.' मामी तिथेच पूर्ण जागी झाली.

फौजेत जाऊ नको असं मी म्हणत नाही. नको म्हणायला मी कोण? अण्णांचा फोटो भिंतीवर आहे, अपशिंग्याची निम्मी घरं फौजेत आहेत, साताऱ्यात बसून कोण नको म्हणेल? पण ज्या आठवड्यात 'धुरंधर' तिसऱ्यांदा बघितलास त्याच आठवड्यात फॉर्म भरलास, हे मला झोपू देत नाही. 'हाऊज द जोश' ऐकून उठलेला जोश पहाटेच्या पळण्यात किती टिकतो, हे तुला कोणी सांगितलंय का? गुडघा बरा आहे का आता? डॉक्टरांना दाखवलास का, की नुसती क्रेप बँडेज? आणि लेखी परीक्षेत गणित आहे, तेही दहावीत तुला ज्यावर रडू आलं होतं तसलंच. पुढे एसएसबीच्या मुलाखतीला गेलास तर टेबलावर जमिनीची प्रतिकृती मांडून ठेवतात: नदी, पूल, गाव, रेल्वे, आणि तीन-चार संकटं एकाच वेळी. माणसं एवढी, वेळ एवढा, सांग काय करशील? तिथे ढोल वाजत नाही. तिथे माझाच प्रश्न विचारतात. तेव्हा तरी मला म्हातारा म्हणून हसू नकोस.

गणिताची पुस्तकं मी पाठवतो, दहावीपर्यंतची. पळायला एकटा जाऊ नकोस, कुणाला तरी बरोबर घे.

आणि ताईपासून हे मी लपवणार नाही. तिने अण्णांची वाट बघत काढलेली वर्षं मी पाहिली आहेत. रविवारपर्यंत तू स्वतः तिला सांग, समोर बसून, फोनवर नाही. सोमवारी सकाळी मी तिला फोन करणार आहे.

तुझा,
मामा