रिकामे कोणी बसायचे?

बांधकामाचे वेळापत्रक आखणारा माणूस कामांचा क्रम लावतो, अशी सर्वसाधारण समजूत असली तरी त्याच्या कसबाचा मोठा भाग कोणाला आणि कशाला रिकामे बसू द्यायचे हे ठरवण्यातच खर्च होतो. कारण मजूर, सेंट्रिंगचे साहित्य, जागा, पाणी आणि परवानगीचे तास ही सगळी एकाच वेळी अखंड कामात राहतील असा प्रकल्प कागदावरदेखील क्वचितच सापडतो.

१९५७च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी जी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत घडवली, तिच्यात एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी शोधली जाते आणि प्रकल्पाचा कालावधी त्या साखळीवरून ठरतो. साखळीबाहेरच्या कामांना पुढेमागे सरकायला जी सवड उरते तिला ‘फ्लोट’ म्हणतात. या हिशोबात मागितल्या दिवशी मागितली तितकी माणसे हजर असतात, असे गृहीत धरलेले असते. ते खरे नसते म्हणून त्यानंतर ‘लेव्हलिंग’, म्हणजे मागणीचे चढउतार सपाट करण्याचे काम, करावे लागते. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. एका आठवड्यात १२ आणि पुढच्या आठवड्यात ४ गवंडी लागत असतील तर त्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज १६० होते, तेच काम सवडीत सरकवून दोन्ही आठवड्यांना ८ गवंडी केले की ती १२८वर येते, आणि ही बेरीज जितकी लहान तितके वाटप समतोल मानले जाते.

नागपूरच्या मनीषनगर आणि त्यापलीकडच्या बेसा भागात उभ्या राहणाऱ्या अपार्टमेंटांच्या कामावर ही कसोटी लावली तर ती जुलैमध्ये फसते. मजुरांपैकी बरेच जण भंडारा, गोंदिया, बालाघाट किंवा छत्तीसगडच्या धानपट्ट्यातून आलेले असतात, रोवणी लागली की ते गावाकडे जातात, आणि वर्गांच्या बेरजेने सारखे वाटलेले आठ-आठ गवंडी प्रत्यक्षात आठ आणि तीन होतात. अशा वेळी १२ आणि ४ हे ओबडधोबड वाटपच शहाणपणाचे ठरते. संगणकाच्या आलेखात मात्र ते दोष म्हणून लाल रंगात दिसते, आणि तो लाल रंग पाहून अस्वस्थ होणारे वरिष्ठही असतात.

टंचाई नेमकी कशाची आहे हे ओळखणे त्याहून अवघड असते. ‘साहित्य कमी पडते’ ही मुकादमाची नेहमीची तक्रार घेतली, तर शेजारच्या दोन इमारतींसाठी सेंट्रिंगचा एकच संच असताना स्लॅबचे चक्र अडते हे खरे. पण त्या संचात प्लेटा आणि टेकू अशा दोन वस्तू असून त्यांचे अडकून राहण्याचे दिवस वेगळे आहेत. भारतीय मानक ४५६च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार, सामान्य पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि हवा १५ अंशांपेक्षा थंड नसेल, तर स्लॅबखालच्या प्लेटा टेकू लगेच पुन्हा लावण्याच्या अटीवर तीन दिवसांनी काढता येतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू मात्र सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू चौदा दिवस ठेवावे लागतात. म्हणजे टंचाई बहुतेकदा टेकूंची असते, आणि थोडे जास्तीचे टेकू भाड्याने आणून जे साधते त्यासाठी अख्खा दुसरा संच विकत घेण्याची गरज नसते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आडवी येते. त्याच मानकात कोरड्या व उष्ण हवेत काँक्रीट किमान दहा दिवस सतत ओले ठेवावे असे सांगितले आहे, मे महिन्यातले नागपूर त्या वर्णनात निर्विवाद बसते, आणि मग दर आठवड्याला किती स्लॅब घालायचे ते मजुरांपेक्षा टँकरच्या फेऱ्यांवरून ठरवावे लागते.

मनीषनगरलगतच्या वर्धा रस्त्यावर तर जागाच अपुरी होती. छत्रपती चौकातील जुना उड्डाणपूल २०१६ मध्ये पाडून तेथे जो दुमजली पूल उभारण्यात आला, त्यात जमिनीवर जुना रस्ता, मधल्या पातळीवर महामार्गाचा उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी रचना असून ३.१४ किलोमीटर लांबीत दोन्ही पूल एकाच खांबांवर उभे आहेत. यामुळे रस्त्याची रुंदी वाचली. पण खांब सामायिक झाल्यामुळे दोन प्रकल्पांची वेळापत्रकेही एकमेकांत गुंतली आणि एकाची सवड दुसऱ्याच्या कामी खर्च होण्याची सोय झाली. सामायिक साधनाची ही किंमत अंदाजपत्रकात कधीच स्वतंत्रपणे दिसत नाही. वरच्या पातळीवरून खापरी ते सीताबर्डी मेट्रो मार्च २०१९ मध्ये धावू लागली, तीही मोजकीच स्टेशने घेऊन; खालचा उड्डाणपूल नोव्हेंबर २०२० मध्ये खुला झाला. कोणते काम आधी आणि कोणते मागाहून याचा निवाडा त्या तारखांमधूनच वाचता येतो, आणि अपुऱ्या जागेत सगळे थोडेथोडे पुढे नेण्यापेक्षा एक मार्गिका चालती करण्याची ती निवड योग्यच म्हणावी लागेल.

मनीषनगर आणि वर्धा रस्ता यांच्यामधून नागपूर–वर्धा रेल्वेमार्ग जातो, आणि ज्या फाटकावर वाहने खोळंबत असत तेथे पुढे उड्डाणपूल व भुयारी मार्ग झाले. चालू रेल्वेमार्गावर गर्डर चढवायचा असेल तर ‘ब्लॉक’ घ्यावा लागतो, म्हणजे त्या मार्गावरची वाहतूक ठरावीक वेळ बंद ठेवण्याची परवानगी आधीपासून मिळवावी लागते. इतक्या गर्दीच्या मार्गावर असे तास मोजकेच मिळतात आणि हुकलेला ब्लॉक दुसऱ्या दिवशी आपोआप मिळत नाही. येथे लेव्हलिंगचा नियमच उलटतो. एरवी क्रेन रिकामी दिसली की नियोजनकाराला टोचणी लागते, पण ब्लॉकच्या आधी क्रेन, तिचा चालक, रिगर आणि वेल्डर जाणीवपूर्वक आणून बसवून ठेवावे लागतात, शक्य तर पर्यायी क्रेनही जवळ ठेवावी लागते, कारण त्या रात्री रेल्वेचे तास सोडून बाकी सगळे पैशाने वाढवता येण्याजोगे असते. ठेकेदाराच्या बिलात या बसून राहिलेल्या तासांसाठी सहसा वेगळा रकाना नसतो. ते क्रेनच्या भाड्यातच कोठेतरी मिसळलेले असतात, आणि तपासणीच्या वेळी त्या भाड्यावर नेमकी हरकत घेतली जाते.